यशाच्या चरित्रातली धुणेवाली

यशस्वी माणसांची चरित्रे आपल्याकडे काही कमी नाहीत. शाळेच्या बक्षीस-समारंभात ती वाटली जातात, वाचनालयाच्या फळीवर ती रांगेने उभी असतात, आणि त्यांतले कोणतेही उघडले तरी आतली वाट एकच असते. नायक गरिबीत जन्मतो, हालअपेष्टा सोसतो, मग त्याला एखादी युक्ती सुचते किंवा एखादा भला माणूस भेटतो, आणि शेवटच्या प्रकरणात त्याचा सत्कार होतो. अशा पुस्तकात गरिबीला पहिली तीस पाने मिळतात. कारखाना उभा राहिला, की कार्य उरकल्यावर मांडव सोडावा तशी ती सोडून, गुंडाळून ठेवतात. वाचकाच्या मनात मात्र एक शंका राहून जाते : त्या तीस पानांतली बाकीची माणसे कुठे गेली? नायकाबरोबर जी उपाशी होती, ज्यांनी त्याला भाकरतुकडा दिला, ज्यांच्याकडून तो धंद्याची मुळाक्षरे शिकला, त्यांचे पुढे काय झाले?

ही शंका दिसते तितकी भाबडी नाही. ती या वाङ्मयप्रकाराच्या मुळाशी जाते. तिचा विचार करायला एक उत्तम उदाहरण आहे ते अमेरिकेतल्या मॅडम सी. जे. वॉकर यांचे. त्यांचे एकच आयुष्य दोनदा, दोन अगदी निराळ्या रीतींनी सांगितले गेले. २००१ साली त्यांच्या खापरपणतीने, अलीलिया बंडल्स यांनी, 'ऑन हर ओन ग्राउंड' हे त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. २०२० साली त्याच चरित्राच्या आधाराने नेटफ्लिक्सने 'सेल्फ मेड' नावाची चार भागांची मालिका काढली. तीत ऑक्टेव्हिया स्पेन्सर यांनी वॉकरबाईंची भूमिका केली. पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'स्वतःच्या जमिनीवर' असा, तर मालिकेच्या नावाचा अर्थ 'स्वतःच स्वतःला घडवलेली' असा. वरवर पाहता दोन्ही नावे एकच गोष्ट सांगतात. माझे म्हणणे असे, की या दोन नावांच्या आड चरित्रलेखनाच्या दोन परस्परविरोधी दृष्टी आहेत. आणि या आयुष्याला न्याय मिळतो तो पहिलीतच.

आधी हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. २३ डिसेंबर १८६७ रोजी लुइझियाना राज्यातल्या डेल्टा या गावी, कापसाच्या एका मळ्यावर, सेरा ब्रीडलव्ह जन्मली. आईबाप गुलाम होते. भावंडांत गुलामगिरी संपल्यानंतर जन्मलेली ती पहिली. १८७३ साली इकडे जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले आणि काळ्या लोकांना दास्यातून सोडवल्याबद्दल ते अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले, तेव्हा ही पोर सहाव्या वर्षात होती. अर्पणपत्रिकेमागची भावना उदात्त होती, आणि तिचा रोख घरच्या दास्याकडे होता हेही उघड आहे. पण ज्यांच्या सुटकेसाठी ती लिहिली गेली त्यांतल्या या एका मुलीकडे पाहिले, म्हणजे 'सुटका' हा शब्द किती तोकडा होता ते कळते. सातव्या वर्षी ती पोरकी झाली. नदीपलीकडच्या व्हिक्सबर्ग शहरात बहिणीच्या संसारात राहू लागली. मेहुण्याचा जाच चुकवण्यासाठी चौदाव्या वर्षी तिने लग्न केले. सतराव्या वर्षी मुलगी झाली. विसाव्या वर्षी नवरा वारला. मुलीला घेऊन ती सेंट लुइसला गेली. तिथे तिचे भाऊ न्हाव्याचा धंदा करीत. तिने लोकांची धुणी धुवायला घेतली, आणि दिवसाला जेमतेम डॉलरभर मजुरीवर पुढची पंधराएक वर्षे ती धूतच राहिली.

या काळात तिचे केस गळू लागले. ही एकटीची तक्रार नव्हती. घरात नळ नाही, म्हणून न्हाणे क्वचित, साबण कडक आणि जळजळीत, खाणे निकृष्ट, डोक्यात खवडे. गरीब काळ्या बायकांत टक्कल पडणे ही नित्याची गोष्ट होती. सेंट लुइसमध्ये अ‍ॅनी टर्नबो नावाची एक काळी बाई अशा केसांसाठी मलम बनवून विकत असे. १९०४ च्या सुमारास सेरा तिची विक्रेती झाली. १९०५ साली ती डेन्व्हरला गेली तीही अ‍ॅनीचाच माल विकत. १९०६ च्या जानेवारीत तिथे तिने वृत्तपत्रांच्या जाहिरातींचे काम करणाऱ्या चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी लग्न केले आणि 'मॅडम सी. जे. वॉकर' या नावाने स्वतःचा माल बाजारात आणला. पुढे १९०८ साली पिट्सबर्ग, १९१० साली इंडियानापोलिस, तिथे कारखाना, १९११ साली कंपनीची नोंदणी, आणि २५ मे १९१९ रोजी, एक्कावन्नाव्या वर्षी, मृत्यू. पंधरा वर्षे धुणी आणि चौदा वर्षे धंदा, असा हा हिशेब आहे. यशाची ठरीव चरित्रे पहिल्या पंधरांची बोळवण तीस पानांत करतात ती कोणत्या न्यायाने, हे विचारायला हवे.

एक उत्तर असे, की धुणेवालीचे कागद कुठे असतात? गिरण्या-कारखान्यांच्या मालकांची पत्रे कोणीतरी जपून ठेवतो. परातीत हात घालून बसलेल्या बाईच्या नावावर शिरगणतीच्या नोंदीपलीकडे काही नसते. वॉकरबाईंची पत्रे मुबलक मिळतात ती कंपनी निघाल्यानंतरची. त्यांचे वकील आणि कारभारी फ्रीमन रॅन्सम यांच्याशी झालेला पत्रव्यवहार हा चरित्रकाराचा मोठा ठेवा आहे. पण त्याआधीची सेरा मुकी आहे. दुबळा चरित्रकार अशा ठिकाणी दोनच गोष्टी करतो : एक तर गप्प बसतो, नाही तर नायिकेच्या तोंडी संवाद घालतो. अलीलिया बंडल्स तिसरी वाट धरतात. सेरा काय बोलली हे सांगता येत नाही तिथे त्या सेराभोवतीचे जग उभे करतात : यादवीनंतरचे मळे, काळ्यांना मिळालेला आणि धाकदपटशाने हिरावला गेलेला मताचा हक्क, सेंट लुइसचे सेंट पॉल चर्च आणि तिथल्या काळ्या बायकांची मंडळे. खेड्यांतून आलेल्या निराधार बायकांना ही मंडळे हात देत. शिकलेल्या, नीटनेटक्या, सभा चालवणाऱ्या काळ्या बायका सेराने प्रथम इथेच जवळून पाहिल्या. आपल्याला निराळे होता येईल ही कल्पना माणसाला आभाळातून मिळत नाही, दुसऱ्या कोणाला पाहून मिळते, ही साधी गोष्ट या प्रकरणांतून मनावर ठसते.

आता अ‍ॅनी टर्नबोकडे येऊ. कारण चरित्रकाराची खरी परीक्षा इथेच आहे. वॉकरबाई आपल्या मलमाची उत्पत्ती सांगत ती अशी : स्वप्नात एक धिप्पाड काळा पुरुष आला आणि त्याने कोणकोणती द्रव्ये मिसळायची ते सांगितले, त्यांतली काही आफ्रिकेतून मागवावी लागली. ही कथा सुंदर आहे, आणि आपल्या लोकांचा आपल्याच मूळ भूमीशी सांधा जोडणारी आहे. पण गंधक आणि व्हॅसलिनसारखे पेट्रोलेटम ही त्या मलमाची मुख्य द्रव्ये कोणालाही नवी नव्हती. आणि स्वप्नाआधी सेराने अ‍ॅनीचे डबे दारोदार विकले होते, हे सत्य त्या कथेत नाही. आपल्या मालाची नक्कल होते आहे अशी अ‍ॅनीची तक्रार होती, आणि १९०६ साली तिने 'पोरो' हे आपले नाव नोंदवून घेतले. थोडक्यात, एका कर्तृत्ववान बाईने दुसरीचे ऋण उघडपणे मान्य केले नाही.

पणजीच्या आईविषयी हे लिहायचे म्हणजे लेखणी जड होणारच. बंडल्सबाई ते लिहितात. अ‍ॅनीला त्या चरित्रातून वगळत नाहीत आणि स्वप्नाला पुरावा म्हणून पुढे करीत नाहीत. जिव्हाळा असूनही सत्य झाकले जात नाही, हे या पुस्तकाचे पहिले मोठेपण. आणखी एक गोष्ट इथे नोंदवण्याजोगी आहे. त्यांचे आणि वॉकरबाईंचे नाते रक्ताचे नाही. वॉकरबाईंच्या मुलीने १९१२ साली मे ब्रायंट नावाची एक मुलगी दत्तक घेतली. तिच्या लांबसडक वेण्या कंपनीच्या मालाची चालतीबोलती जाहिरात झाल्या. तिचीच नात म्हणजे या चरित्राची लेखिका. स्वतःच स्वतःला घडवण्याची गोष्ट दत्तकाच्या वंशातून आपल्यापर्यंत आली आहे. माणसे एकमेकांना कशी घडवतात याचा याहून चांगला पुरावा कोणता?

मालिकेने अ‍ॅनीचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. तिचे नाव बदलून अ‍ॅडी मन्रो केले, तिला गोऱ्याकडे झुकणारा वर्ण दिला आणि खलनायिका केले. ही अ‍ॅडी सेराला तिच्या रूपावरून हिणवते, तिला विक्रेती म्हणून घ्यायलाही तयार होत नाही. आणि मग दोघी कल्पनेतल्या मुष्टियुद्धाच्या रिंगणात एकमेकींसमोर उभ्या राहतात. खरी अ‍ॅनी गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांची मुलगी, लहानपणीच पोरकी झालेली, आणि सेराला आपला माल विकायला देणारी. पुढे तिने सेंट लुइसमध्ये 'पोरो कॉलेज' उभारले, अनाथ मुलांच्या आश्रमाला भरघोस मदत केली. तो आश्रम १९४६ पासून तिच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. घटस्फोट आणि कज्जेदलाली यांत तिची दौलत ओसरली आणि १९५७ साली ती वारली. मालिकाकारांनी नाट्यासाठी स्वातंत्र्य घेतले, असे म्हणून हे सोडून देता येत नाही. 'स्वतःच स्वतःला घडवलेली' हे सूत्र एकदा पत्करले, की ऋणको नायिका चालत नाही. म्हणून धनकोला शत्रू करावे लागते. खलनायिकेची गरज कथेला नव्हती, त्या शब्दाला होती.

पण सगळा दोष मालिकेवर ढकलणे अन्याय्य होईल. तो शब्द वॉकरबाईंनीच प्रथम आपल्या आयुष्यावर कोरला आहे. १९१२ साली शिकागोला नॅशनल निग्रो बिझनेस लीगचे अधिवेशन होते. अध्यक्ष बुकर टी. वॉशिंग्टन. वॉशिंग्टन स्वतः गुलामगिरीत जन्मलेले. 'अप फ्रॉम स्लेव्हरी' हे त्यांचे १९०१ सालचे आत्मचरित्र म्हणजे या सगळ्या आरोहण-कथांचा आदर्श. कष्ट करावे, कसब शिकावे, गोऱ्या शेजाऱ्याला दुखवू नये, हा त्यांचा मार्ग. केसांची मलमे विकणाऱ्यांविषयी त्यांचे मत चांगले नव्हते. एका संपादकाने वॉकरबाईंना बोलू द्यावे अशी सूचना केली, ती त्यांनी कानांआड केली. शेवटच्या दिवशी बाई आपण होऊन उभ्या राहिल्या आणि बोलल्या. आपण दक्षिणेतल्या कापसाच्या शेतातून आलो. तिथून बढती मिळाली ती धुण्याच्या टबाशी. तिथून बढती मिळाली ती स्वयंपाकघरात. आणि तिथून आपणच आपल्याला बढती देऊन धंद्यात आणले. आपला कारखाना आपण आपल्या स्वतःच्या जमिनीवर बांधला आहे. असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

हे भाषण म्हणजे एक वाङ्मयीन कृतीच आहे. 'बढती' हा कचेरीतला शब्द. साहेबाने कारकुनाला द्यायची गोष्ट. शेतातून धुण्याच्या टबाशी जाण्याला ती बाई बढती म्हणते तेव्हा सभागृहात हशा पिकला असेल, आणि त्याबरोबर प्रत्येकाला हेही उमगले असेल, की काळ्या बाईला दुसऱ्याकडून मिळणारी बढती तिथवरच पोचते. पुढची तिने स्वतःच घ्यायची असते. वॉशिंग्टनांच्या आत्मचरित्रात वर चढणारा माणूस प्रत्येक पायरीवर कोणाची तरी संमती घेतो. इथे संमतीचा प्रश्नच निकालात निघाला आहे. पुढच्याच वर्षीच्या अधिवेशनात वक्त्यांच्या यादीत त्यांचे नाव होते. म्हणून त्या भाषणातला 'स्व' हा अहंकाराचा नाही, नकाराला दिलेले ते उत्तर आहे. उत्तर म्हणून तो शब्द खरा होता. शंभर वर्षांनी प्रश्न बाजूला सारून तेवढा शब्दच मालिकेच्या माथ्यावर लावला, तेव्हा तो खोटा झाला.

इथे एक जुना आक्षेप पुढे येतो, आणि त्याला बगल देणे बरे नव्हे. वॉकरबाईंनी काळ्या बायकांना त्यांच्याच केसांची लाज विकली, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. गरम फणीने केस सरळ करण्याची रीत त्यांच्या पद्धतीत होती; फणीचा शोध मात्र त्यांचा नव्हे, तो त्यांच्या नावावर चुकीने घातला जातो. 'केस सरळ करणारी' हे वर्णन त्यांना मान्य नव्हते; आपण केस वाढवतो, डोक्याची त्वचा निरोगी करतो, असे त्या सांगत. माझ्या मते या आक्षेपाचे पुरते निरसन होत नाही. ज्या समाजात गोऱ्या रूपालाच रूप म्हणतात तिथे सौंदर्याचा कोणताही धंदा त्या मापापासून सर्वस्वी मोकळा राहू शकत नाही. पण ज्या बाईच्या डोक्यावर खवड्यांमुळे केसच उरले नव्हते, तिला आरशात पुन्हा केस दिसणे ही नक्कल नव्हती. ते आपल्या शरीरावर आपला ताबा परत येणे होते. दोन्ही गोष्टी एकाच डब्यात होत्या. चरित्रकाराने त्या डब्यावर एकच चिठ्ठी चिकटवू नये. बंडल्सबाई या वादात पणजीच्या आईच्या बाजूला किंचित अधिक झुकतात असे मला वाटले. पण वाद लपवीत नाहीत.

पुस्तकाचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका बांधेसूद नाही, हेही सांगितले पाहिजे. कागद भरपूर मिळू लागले, की चरित्रकाराला कशाचाच मोह आवरत नाही. प्रवास, व्याख्याने, देणग्या, मोटारी, हडसनकाठी वास्तुशास्त्रज्ञ व्हर्टनर टँडी यांनी बांधलेला 'व्हिला लेवारो' हा वाडा, यांच्या तपशिलात काही ठिकाणी पुस्तक जमाखर्चाच्या वहीसारखे होते. पण या गर्दीतच एक प्रसंग असा येतो, की सगळ्या आयुष्याचा अर्थ त्याच्यापाशी उलगडतो.

१९१७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला वॉकरबाईंच्या विक्रेत्या बायकांची परिषद भरली. दोनशेच्या वर बायका आल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी कालपरवापर्यंत दुसऱ्यांच्या घरी धुणी आणि स्वयंपाक करीत होत्या. आता डबे विकून, केस करून, स्वतःची कमाई करीत होत्या. बक्षिसे दिली गेली ती सर्वांत जास्त माल विकणारीला, तशीच समाजकार्याला सर्वांत जास्त देणारीलाही. त्याच वर्षी जुलैत ईस्ट सेंट लुइसला काळ्यांची भीषण कत्तल झाली होती. ऑगस्टात वॉकरबाई हार्लेमच्या पुढाऱ्यांबरोबर जमावाच्या हत्यांविरुद्धचा अर्ज घेऊन वॉशिंग्टनला गेल्या. अध्यक्ष विल्सन भेटले नाहीत. आणि या विक्रेत्यांच्या परिषदेने, केसांचे मलम विकणाऱ्या बायकांनी, त्याच अध्यक्षांना तार पाठवून अशा हत्यांना आळा घाला म्हणून मागणी केली. विक्रीच्या साखळीत वरच्याचा नफा खालच्याच्या घामातून येतो, हे इथेही खोटे नव्हते. वाडा हडसनकाठी उभा राहिला तो त्या डब्यांच्याच पैशांवर. पण मालकिणीने आपल्या विक्रेत्यांना जमवून राष्ट्राध्यक्षांना जाब विचारायला लावावे, असा धंदा यशाच्या चरित्रांत फारसा भेटत नाही. त्या बोलल्या स्वतःविषयी. पण त्यांनी उभे केले ते पुष्कळांचे. शब्द आणि कृती यांत फारकत पडली असता चांगला चरित्रकार कृतीवर विश्वास ठेवतो. मालिकेने शब्दावर ठेवला.

'पहिली लक्षाधीश', 'पहिली दशलक्ष डॉलरवाली' ही बिरुदेही अशीच तपासून घ्यायला हवीत. त्या हयात असताना एका मुलाखतीत त्यांनीच सांगितले होते, की आपण अजून दशलक्षाच्या धनी नाही, होऊ अशी आशा आहे. मृत्यूनंतर त्यांची मालमत्ता भरली ती सहा-सात लाख डॉलरांच्या घरात. धंद्याची किंमत धरली तर आकडा वर जातो. अखेरच्या दिवसांत त्यांनी हत्यांविरुद्धच्या निधीला पाच हजार डॉलर जाहीर केले. दहा लाखांच्या आकड्यापेक्षा हा पाच हजारांचा आकडा मला अधिक बोलका वाटतो.

शेवटी मराठीत लिहिणाऱ्यापुढे येणारी एक अडचण. इंग्रजीत 'शी' या एका सर्वनामावर सारे आयुष्य निभावते. आपल्याला 'ती' आणि 'त्या' यांतून निवडावे लागते. हा लेख लिहिताना मीही सेराला 'ती' म्हटले, आणि कंपनी निघाल्यावर, जवळजवळ नकळत, 'त्या' म्हणू लागलो. वाचकांच्या ते ध्यानात आले असेल. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत गोरा माणूस काळ्या बाईला, ती कितीही वयस्क असो, नुसत्या नावाने नाही तर 'आंटी' म्हणून हाक मारी. 'मिसेस' म्हणणे त्याला कमीपणाचे वाटे. 'मॅडम सी. जे. वॉकर' या नावात बाईंचे स्वतःचे नावच नाही. नवऱ्याची आद्याक्षरे आणि पुढे 'मॅडम'. सेरा अशी हाक मारायला कोणाला जागाच ठेवली नाही. पुढे १९१२ च्या सुमारास घटस्फोट झाला, नवरा गेला; नाव राहिले. आदर मिळत नाही म्हणून तो तिने नावातच घालून घेतला.

मग प्रश्न राहतो तो आपला. 'ती'ची 'त्या' केव्हा होते? माझी लेखणी कारखान्याशी येऊन बदलली, कारण इतकी वर्षे वाचलेल्या यशाच्या चरित्रांनी तिला तसे वळण लावले आहे. अलीलिया बंडल्स यांचे पुस्तक मिटताना हे वळण चुकीचे आहे अशी खात्री पटते, आणि चरित्राने वाचकासाठी याहून अधिक काय करावे? दिवसाला डॉलरभर मजुरीवर दुसऱ्यांची धुणी धूत मुलीला शाळेत घालणारी सेंट लुइसची धुणेवाली, तिला चर्चच्या दारात हात देणाऱ्या बायका, आणि तिच्या हाती पहिला डबा ठेवणारी अ‍ॅनी टर्नबो, या सगळ्यांना 'त्या' म्हणायला धंदा निघण्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते.